टाकीचा म्हसोबा आणि माझी सही

"माणसाला प्यायला पानी न्हाई, अन् तुमाला टाकीला पाजायला बावीस हजार लिटर पायजे?"

मन्मथआप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही दुष्काळ मीच नांदेडहून बॅगेत घालून आणला होता.

"मला नको आप्पा, टाकीला पाहिजे," मी म्हणालो. "Hydro test आहे. पाच वर्षांनी करावीच लागते."

"करा की. पन पान्याबिगर करा."

मी तेव्हा नांदेडच्या एका छोट्या inspection agency मध्ये होतो. Boiler, गॅसच्या टाक्या, दाबाखालची भांडी तपासायची आणि ती वापरायला लायक आहेत की नाहीत ते सही करून सांगायचं, हा आमचा धंदा. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. निम्मी सरकारी ऑफिसं भाड्याच्या घरांत होती. MIDC मध्ये कारखाने कमी आणि बाभळी जास्त. त्यात पावसानं सलग दगा दिलेला. गावात टँकर आला की घागरींची रांग पार रस्त्यापर्यंत यायची. अशा वेळी कुणी येऊन लोखंडी टाकी पाण्यानं भरा म्हणाला, तर त्याला लोक वेडाच म्हणणार.

आप्पांचा कारखाना तामचिनीच्या, म्हणजे enamel च्या, भांड्यांचा. ताटं, मग, टमरेलं. पत्र्याचं भांडं तामचिनीच्या लगद्यात बुडवायचं, वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं. भट्टी गॅसवर चालायची. गॅस म्हणजे आपल्या घरच्या शेगडीतलाच, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. दाबाखाली त्याचा द्रव होतो, म्हणून तो जाड पत्र्याच्या आडव्या, लांबोळक्या टाकीत ठेवतात. आमच्यात तिला बुलेट म्हणतात. आप्पांकडे दहा-दहा टनांच्या दोन बुलेट होत्या. एक नंबरची मुंबईकडून जुनी आणलेली, तिची मुदत त्या महिन्याच्या शेवटी संपत होती. माझी सही नसेल तर गॅस कंपनीचा ड्रायव्हर तिच्यात गॅस उतरवणार नव्हता. एकट्या दोन नंबरवर भट्टी अर्धाच वेळ चालली असती. कारखान्यात साठ माणसं. म्हणजे तिसांना घरी बसावं लागणार, आणि त्या साली घरी बसणं म्हणजे काय ते कुणाला सांगायची गरज नव्हती. शेतात काम नव्हतंच.

"आपला compressor हाय की," आप्पा म्हणाले. "हवेनं दाब द्या. हवा फुकट हाय."

बाहेरच्या माणसाला हे बरोबर वाटतं. म्हणून जरा समजावून सांगतो. Hydro test मध्ये टाकी पाण्यानं गच्च भरतात आणि रोजच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देतात. पाणी दाबलं तरी आकसत नाही. त्यामुळे टाकी कुठं फाटलीच, तर फर्रकन पाणी उडतं, दाब उतरतो, विषय संपला. हवेचं तसं नाही. हवा आकसून बसते, आणि वाट मिळाली की सगळी एकदम बाहेर येते. सायकलची ट्यूब फुटल्यावर आवाज होतो ना, तीच गोष्ट दहा टनांच्या टाकीची करून बघा. पत्र्याचे तुकडे शेजारच्या plot वर सापडतील, आणि test घेणारा कुठं सापडेल ते मी सांगत नाही.

आप्पांना हेच सांगितलं. त्यांनी नांदेडला trunk call लावायला सांगितला. तो तासाभरानं लागला. पलीकडे आमचे साहेब.

"कांबळे, हवेनं करून टाक," साहेब म्हणाले. "Code मध्ये pneumatic test ला permission असते."

"खास कारण असेल तर असते साहेब. आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि टाकीचे सगळे जोड आधी तपासलेले लागतात."

"दुष्काळ हे खास कारण नाही का? मंजुरी नंतर घेऊ."

हे 'नंतर घेऊ' ऐकलं की माझं डोकं तडकतं. तेव्हाही तडकलं. "साहेब, test ला टाकीजवळ मी उभा राहणार आहे, आणि कागदावर सही माझी आहे. हवेनं मी करणार नाही. करायचीच असेल तर तुम्ही या, मी तुमच्यासाठी गाडी पाठवायला सांगतो."

साहेबांनी फोन ठेवला. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आप्पा मात्र हसले.

"लई कडक हाव बगा तुमी," ते म्हणाले. "औशाच्या रस्त्याला माझी हीर हाय. पानी गावाला देऊन टाकलंय, दोन महिन्यांपासनं गाव त्याच्यावरच जगून राहिलंय. गावाला हात जोडून दोन दिवसांचं पानी मागतो. दोन टँकर. पन एकदाच, साहेब. दुसऱ्या बारीला माझ्यानं तोंड दाखवनं व्हायचं न्हाई."

एकदाच. म्हणजे पाणी भरल्यावर टाकी कुठं गळली, दाब उतरला, पुन्हा दुरुस्ती करून पुन्हा भरायची वेळ आली, तर ते पाणी कुणाच्या तरी घशातून काढून घेतलेलं आणि वाया गेलेलं. माझ्या नोकरीत पाण्याचा असा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. इतर ठिकाणी नळ सोडायचा, टाकी भरायची, झालं की गटारात.

"आप्पा, टँकर आत्ताच बोलावू नका," मी म्हणालो. "आधी मी बाहेरून टाकी इंच न इंच बघतो. पत्रा कुठंही कमी निघाला नाही तरच पाणी मागा."

एक नंबरमधला गॅस दोन नंबरमध्ये घेऊन ती रिकामी केलेलीच होती. मी खडूनं टाकीवर चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात D-meter नं जाडी घ्यायची. D-meter म्हणजे हातात मावणारं यंत्र. पत्र्याला थोडं ग्रीस लावून त्याची बटणाएवढी टोपी टेकवायची, ते आवाजाच्या लहरी सोडतं आणि पत्रा किती मिलिमीटर आहे ते सांगतं. मूळ पत्रा चौदाचा. साडेअकराच्या खाली गेला तर टाकी बाद. नियम साधा आहे.

दीड दिवस गेला. ऊन असं, की ग्रीस लावलं की वितळून ओघळायचं आणि टाकीला हात लावला की चटका बसायचा. आकडे चांगले येत होते. साडेतेरा, तेरा-सहा, साडेतेरा. मी मनात टँकर बोलावलासुद्धा.

आणि मग एकच चौकोन उरला. तो आखायचा मी मुद्दाम टाळला होता, हे मला आधीपासून माहीत होतं.

टाकी दोन सिमेंटच्या ओट्यांवर टेकलेली असते, त्यांना saddle म्हणतात. पूर्वेकडच्या saddle वर, जिथं ओटा आणि टाकी एकमेकांना भिडतात, तिथं हातभर शेंदूर होता. टाकीच्याच पत्र्यावर थापलेला, वर चांदीचे डोळे. खाली फुलं, नारळाच्या करवंट्या, तांदूळ. हा टाकीचा म्हसोबा. कारखाना सुरू झाला त्या साली तिथल्या valve मधून गॅस सुटला होता आणि भट्टी पेटलेली असूनही आग लागली नाही. तेव्हापासून कामगारांनी तो बसवला. आप्पा लिंगायत, त्यांनी कधी आडकाठी केली नाही. "आमचा देव गळ्यात, त्यांचा टाकीवर," असं ते म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या, नुसत्या बाहेरून करायच्या तपासणीलाही मीच आलो होतो. तेव्हा तिथं समई आणि उदबत्ती जळत होती. गॅसच्या टाकीला टेकून! मी बोंब मारली. दिवा, उदबत्ती, कापूर, सगळं कुंपणाबाहेर काढायला लावलं. कामगार नाराज झाले, पण ऐकलं. मला वाटलं, मोठं काम केलं. मग शेंदराखालची जाडी घ्यायची वेळ आली आणि मी विचार केला, आज यांचा दिवा काढला, आता देवही खरवडायला सांगितला तर जरा जास्तच होईल. शेजारच्या जागेचा आकडा घेतला आणि त्या चौकोनासाठी तोच लिहून दिला. चांगला होता आकडा.

आणि खरं कारण वेगळंच होतं. मी लोह्याकडचा कांबळे. आईबापांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शेंदूर नाही, बुद्धाची मूर्ती आहे. माझ्या आडनावाच्या माणसानं म्हसोबाचा शेंदूर काढा म्हटलं, तर गोष्ट पत्र्याच्या जाडीची राहणार नाही, असं मला वाटलं. अशी भीती कुणाला सांगता येत नाही. ती आकड्यामागं लपवता येते.

आता मी जवळ जाऊन बघितलं. शेंदूर ओला होता. खालच्या फटीत पाणी साचलेलं, तांबूस.

"हे पाणी कसलं?" मी विचारलं.

तिथं सुभद्रामावशी फुलं काढत होत्या. बुडवण खात्यातल्या सगळ्यात जुन्या कामगार, म्हसोबाचं सगळं त्यांच्याकडेच.

"तुमीच तर दिवा बंद केला," मावशी म्हणाल्या. "देवाला कायतरी पायजे न्हाई का? म्हनून पानी घालून राहिलो. पाळीवर येनारा हरेक जन एक गलास. पाऊस पडावा म्हनून."

"रोज?"

"रोज. सनावाराला नारळ."

"आणि ह्या दुष्काळात पाणी आणता कुठनं?"

"आपल्या बोअरचं. खारट हाय, पिऊ होत न्हाई."

"देवाला खारं पाणी घालता मावशी?"

"ग्वाड आसतं तर लेकरांना पाजलं आसतं," मावशी म्हणाल्या.

साठ माणसं, रोज साठ ग्लास खारं पाणी, दोन वर्षं. पत्रा आणि सिमेंटच्या मधल्या फटीत, जिथं ऊन नाही, वारा नाही, वाळायला वाव नाही. लोखंड खायला याहून चांगली सोय मी स्वतः ठरवूनही केली नसती. आणि एका अर्थी केली मीच होती. दिवा होता तोवर पाणी नव्हतं.

"मावशी, हा शेंदूर काढावा लागेल," मी म्हणालो. "खालचा पत्रा बघायचाय."

मावशींनी हातातली फुलं टोपलीत ठेवली. "मागच्या बारीला न्हाई म्हनलात?"

"नाही."

"का बरं?"

खोटं बोलायला चार-पाच कारणं तयार होती. यंत्र बिघडलं होतं, वेळ नव्हता, त्या वेळी गरज नव्हती. पण दीड दिवस उन्हात भाजून निघालेला माणूस खोटं बोलायचाही कंटाळा करतो. "भ्यालो," मी म्हणालो.

"कुनाला? देवाला का आमाला?"

"तुम्हाला."

मावशी खदाखदा हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं बाई! आमी काय तुमाला खाऊन राहिलो का? येवढा दांडगा माणूस, मालकाला अन् सायबाला नडतो, अन् आमाला भितो!" मग हसू थांबलं. "भ्यायचंच व्हतं तर टाकीला भ्यायचं व्हतं की वो. आमी हितंच आसतो दिसभर, हिच्या शेजारी."

मी पिशवीतून खरवडणी काढली.

मावशींनी आत जाऊन चार माणसांना सांगितलं. कुणी तोंड वाकडं केलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. एक नारळ आणला, टाकीपासून लांब, कुंपणाबाहेर फोडला. म्हसोबाला हात जोडून काहीतरी पुटपुटल्या, चांदीचे डोळे काढून पदराला बांधले. मी पितळेची खरवडणी पुढे केली. गॅसच्या टाकीजवळ लोखंडाचं हत्यार चालत नाही, ठिणगी पडते. मला वाटलं मलाच खरवडावं लागेल. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

"आमी बसवला, आमीच उचलू," त्या म्हणाल्या.

वरचे थर सहज निघाले. खालचे चामड्यासारखे चिवट. सगळ्यात खाली शेंदूर लाल नव्हता, काळा-तपकिरी होता, आणि त्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे निघू लागले. बोटानं उचलावेत असे. मावशींचा हात थांबला.

"हे काय वो साहेब?"

"ही टाकी आहे मावशी."

मी पितळी ब्रशनं जागा साफ केली. वाटाण्याएवढे खड्डे पडले होते, फटीत आत आत गेलेले. D-meter टेकवला. नऊ-दोन. सरकवला. आठ-सात. मी यंत्र तपासलं, माहीत जाडीच्या तुकड्यावर टेकवून खात्री केली, पुन्हा घेतलं. तेच. मी ओट्यावर बसून घेतलं. हवेनं test घेतली असती तर टाकी फुटलीच असती, असं मी म्हणणार नाही. तसं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. पण ती test घेताना मी हिच्यापासून किती हात लांब उभा राहिलो असतो, एवढं मात्र मी मनात मोजलं.

आणि हीच टाकी माझ्या सहीवर दोन वर्षं गच्च भरून चालली होती. शेजारी साठ माणसं.

आप्पांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, खड्ड्यात बोट घातलं, बोट धोतराला पुसलं.

"टाकी गेली म्हना की."

"गेली. पाणी मागू नका. भरायची गरजच नाही."

"दोन सालाखाली तुमीच लिवलं व्हतं ना, चांगली हाय म्हनून?"

"हो. ही जागा मी मोजलीच नव्हती. शेजारचा आकडा लिहिला."

आप्पा चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मी तुमची सही बगून निवांत झोपत व्हतो, कांबळे साहेब." आणि ऑफिसकडे चालू लागले.

नांदेडला येऊन report लिहिला. टाकी वापरातून बाद. कारण अमुक. शेवटी एक ओळ घातली: मागील तपासणीत या जागेची जाडी प्रत्यक्ष घेतली नव्हती, शेजारचा आकडा नोंदवला होता.

साहेबांनी report वाचला आणि ती ओळ पेन्सिलनं खोडली. "हे कशाला? टाकी बाद केलीस, काम झालं. दोन वर्षांत गंजली, असं सगळ्यांना वाटेल. वाटू दे."

"दोन वर्षांपूर्वी किती होती ते कुणालाच माहीत नाही साहेब. मलाही नाही. तसं लिहिलं तर दुसरीकडे कुणीतरी हिशेब धरेल की पत्रा दोन वर्षं तर टिकतोच."

"कांबळे, तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस. आणि माझ्याही."

"होय साहेब," मी म्हणालो, आणि रबरानं त्यांची पेन्सिल पुसली. ओळ तशीच गेली.

मग जे व्हायचं ते झालं. कारखाना एकट्या दोन नंबरवर अर्धाच वेळ चालला. आप्पांनी कुणाला काढलं नाही, सगळ्यांना एक दिवसाआड बोलावलं. म्हणजे साठांच्या साठांना अर्धी मजुरी. आठ महिन्यांनी नवी टाकी आली तोवर हे असंच. मध्ये एकदा लातूरच्या बाजारात सुभद्रामावशी भेटल्या. मला वाटलं दोन बरे शब्द बोलतील. "जीव वाचला म्हनत्यात समदे," त्या म्हणाल्या, "पन आर्धा पगार झाला बगा. म्हसोबाला आता गेटापाशी बसवलाय. तितं दिवा चालतो का?" मी चालतो म्हणालो. खरंच चालतो, अंतर मोजून सांगितलं.

मला वरच्या ऑफिसातून चौकशीला बोलावणं आलं. समोर एक म्हातारे अधिकारी. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. माझा report दोन वेळा वाचला.

"शेंदूर काढायला किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं साहेब."

"विरोध कुणी केला?"

"कुणीच नाही."

"मग दोन वर्षांपूर्वी किती वेळ लागला असता?"

"तेवढाच."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सहा महिने माझा सही करायचा अधिकार काढून घेतला. मी जिना उतरताना मला आधी हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली. ते सहा महिने मी भोकर आणि उमरीकडे दुसऱ्यांच्या हाताखाली जिनिंगच्या boiler वर आकडे घेत फिरलो. सही दुसरा करायचा.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझे report बघून लोक वैतागायचे. ज्या जागी हात पोचला नाही, ऊन होतं, अंधार होता, मधमाश्या होत्या, कुणाचा देव होता, तिथं मी 'ठीक' लिहिलं नाही. 'पाहिली नाही' असं लिहिलं, आणि का पाहिली नाही तेही लिहिलं. अशानं certificate अडतं, मालक बोलतात, साहेब फोन करतात. मग निमूट कुणीतरी शिडी आणून देतं.